भीमाशंकरच्या रानांतील एक फेरी

भीमाशंकर म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ज्योतिर्लिंग, नाना फडणिसांनीं बांधविलेलें शिखर आणि १७३९ सालच्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून सांगितली जाणारी चिमाजी अप्पांची घंटा एवढेंच उभें राहतें. मोटारींतून उतरावें, पायऱ्या उतराव्या, दर्शन घ्यावें आणि पुण्याची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. त्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस जें रान आहे त्यासाठीं निराळा अर्धा दिवस काढणारे थोडेच. त्यांची संख्या वाढावी, निदान त्यांच्या पायांखालील वाट आहे तशी राहावी, एवढ्यासाठीं हें भाषण.

कोंकणकडा, हनुमान तळें, नागफणी, गुप्त भीमाशंकर हीं ठिकाणें जोडणाऱ्या पायवाटा ह्या रानांत आहेत. त्यांपैकीं दोनतीन एकत्र गुंफून वळसा घेतला कीं मनुष्य पुन्हां देवळापाशीं येतो. चढ आहे, परंतु छाती भरून यावी असा नाहीं. शाळकरी मुलें आणि साठीचे गृहस्थ दोघांसही तो झेपतो. अंतर मात्र स्थानिक माणसास विचारूं नये. महादेव कोळ्यांच्या वस्तींतील एखादा वृद्ध 'हें काय, इथेंच' म्हणतो, तेव्हां त्याच्या पायांचें 'इथेंच' आणि शहरी पायांचें 'इथेंच' यांत तासाभराचा फरक असतो.

कड्यावर उभें राहिलें म्हणजे खालीं कोंकण दिसतें आणि पाठीशीं देश असतो. ह्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वांटे होतात. पश्चिमेस घरंगळलेला थेंब लवकरच अरबी समुद्र गांठतो. पूर्वेस पडलेला भीमा होऊन निघतो, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेतो, पुढें कृष्णेस मिळतो आणि अखेर बंगालच्या उपसागरांत जातो. कड्याजवळचीं झाडें खुजीं व वांकडीं दिसतात, तीं वाऱ्यामुळें. तीच जात चार पावलें आंत, आडोशाला, सरळसोट वाढलेली आढळते.

आंत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उजेडाची. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा यांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळें दुपारींही जमिनीवर सूर्याचे कवडसेच पडतात. पायांखालीं पाल्याचा थर असतो. पावसाचा मारा तो झेलतो आणि पाणी सावकाश मुरूं देतो. ज्या उतारावरचें रान गेलें तेथें तेंच पाणी मातीसह धांवतें. हिरडा हा येथील कोळी कुटुंबांचा रोकड पैसा आहे. कोंवळीं फळें वेंचून, वाळवून विकतात. कारवीच्या काठ्यांनीं त्यांच्या घरांचे कूड उभे राहतात, आणि तीच कारवी सातआठ वर्षांनीं एकदांच फुलते व मग मरून जाते. रान ओसाड ठेवून राखलेलें नाहीं. तें वापरणाऱ्यांनीं आणि देवराईच्या भीतीनें राखलेलें आहे. १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां ही गोष्ट विद्वानांच्या दप्तरीं आली. कोळ्यांस ती आधींपासून ठाऊक होती.

परंतु ह्या रानाचा खरा धनी वर राहतो. शेकरूं हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी; मुख्यतः त्याच्यासाठींच १९८५ सालीं येथें अभयारण्य जाहीर झालें. त्याचा विस्तार सुमारें १३० चौरस किलोमीटर आहे. अंगणांतल्या खारीच्या मानानें हा प्राणी केवढा तरी मोठा: तांबूस पाठ, पिवळट पोट, आणि अंगाहून लांब झुपकेदार शेंपूट. पानें, फळें, बिया, सालही तें खातें. काटक्या व पानें यांचें गोल घरटें बारीक फांद्यांच्या टोकाशीं बांधतें, कारण तेथें वजनदार शत्रूची पावलें टिकत नाहींत. असलीं घरटीं एकाच शेकराचीं अनेक असतात, हें ठाऊक नसलेला प्रवासी घरटीं मोजतो आणि शेकरांची संख्या सांगतो!

शेकरूं जमिनीवर क्वचितच उतरतें. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर वीस फुटांची उडी तें घेऊं शकतें. म्हणजे माणसाची पायवाट त्याच्या दृष्टीनें नाहींच, कारण वरती फांद्या मिळालेल्याच असतात. तीच वाट 'सोयीसाठीं' रुंद केली, कडेचीं झाडें तोडलीं, दोन्ही बाजूंस दुकानें मांडलीं, म्हणजे रानाचे दोन तुकडे होतात. मग खालीं उतरावें तर कुत्रीं असतात, न उतरावें तर पलीकडचें फळ व पलीकडचा जोडीदार दोन्ही तुटले. लाखों यात्रेकरूंना देवळाच्या पायऱ्या प्रशस्त हव्यात, हें रास्त आहे. रानांतील वाट मात्र एकामागें एक चालण्याइतकीच असावी. तिच्यावर दोघांना शेजारीं चालतां येत नाहीं, ही तक्रार म्हणजे तिची शिफारसच समजली पाहिजे.

चालणाऱ्यानें बोलणें कमी ठेवावें. आरडाओरडा करून प्राणी दिसत नाहीं. फांदी हलली कीं थांबावें, आणि खडखडणारा आवाज कोठून येतो तें वर पाहून शोधावें. सकाळचा प्रहर उत्तम. पावसाळ्यांत धुकें इतकें उतरतें कीं दहा पावलांवरची वाट हरवते व कड्याचा कांठ दिसत नाहीं. म्हणून वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. खाण्याचे प्लॅस्टिकचे कागद आणलेल्या पिशवींतच परत न्यावे, कारण माकडें तीं फाडतात आणि वाऱ्यानें तीं कड्याखालीं जातात.

भर पावसाळ्यांत ह्या रानांतील कुजक्या लांकडावर एक बुरशी वाढते, ती अंधारांत फिक्या हिरव्या प्रकाशानें चमकते. रात्रीं अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवांचून फिरतां येत नाहीं, तेव्हां ती पाहणें असल्यास रीतसर परवानगी काढावी. तो प्रकाश इतका मंद असतो कीं हातांतील विजेरी विझवून कांहीं मिनिटें स्वस्थ उभें राहिल्यावांचून तो दिसूं लागत नाहीं.