लिंक का गेली?



आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या एखाद्या गावात माणूस दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत येतो आणि ऐकतो, "आज लिंक नाही." त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच गावातून फोन येण्याआधी बिघाड कळावा, यासाठी यंत्रांवर यंत्रांचाच पहारा असतो.

2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या इंटरनेट योजनेत तालुक्याच्या यंत्रापासून ग्रामपंचायतीतल्या छोट्या पेटीपर्यंत ऑप्टिकल फायबर जाते. देखरेखीचं सॉफ्टवेअर या पेट्यांची खबर घेत राहतं. वीज गेली, तर पेटी विझता विझता एक शेवटचा संदेश पाठवू शकते. तंत्रज्ञ त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात, म्हणजे अखेरचा श्वास. मला ही सोय फार मोलाची वाटते. तो संदेश आला, तर वीज पाहायची. काही न सांगताच पेटी गप्प झाली, तर बहुधा फायबर तुटली. कुठेतरी रस्ता खोदताना जेसीबी लागला असेल.

मग तुटलेली जागाही सापडते. फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडायचा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. तो तुटल्या जागेवरून परतायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं.

सर्व्हरचीही अशीच विचारपूस होते: डिस्क भरत आली का, यंत्र तापलं का? एकदा उत्तर आलं नाही म्हणून लगेच घंटा वाजवत नाहीत. दोन-तीनदा विचारतात, आणि मगच तंत्रज्ञाच्या मोबाईलवर संदेश जातो.