झाडांची बँक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. आठवणी तुम्हा सगळ्यांकडेच आहेत, आणि माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगणारी मंडळी इथं बसली आहेत. म्हणून सचिवांच्या परवानगीनं मी विषय बदलून घेतलाय. मागच्या गेटजवळ आपला झाडांचा एक तुकडा आहे. तिथं पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करावं, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेत यायचा आहे. त्यावर मत देण्याआधी एका वेगळ्या प्रकारच्या बागेची माहिती तुम्हाला द्यावी असं वाटलं. तिला वनस्पती उद्यान म्हणतात. बोटॅनिकल गार्डन.

साधी बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक काय? साध्या बागेत हिरवळ असते, घसरगुंडी असते, भेळेची गाडी असते. वनस्पती उद्यानात हेही असू शकतं, पण तिथल्या झाडाला नाव असतं, पाटी असते, आणि ते कुठून आलं याची नोंद असते. माझी उभी नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बँकेच्या शाखांत गेली, त्यामुळे मला ही बाग बँकेसारखी वाटते. लोकांची ठेव घ्यायची, हिशेब ठेवायचा, आणि गरज पडेल तेव्हा परत द्यायची.

आधी ठेवीचं सांगतो. साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या कड्यावर एक छोटी वनस्पती उगवते. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. खोड मांसल, फूल गडद तांबडं आणि त्यावर पिवळे ठिपके. महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरकड्यांवर ती सापडते, जगात इतरत्र कुठंही नाही. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून पडलं. हेच फ्रियर त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होते, बरं का! आता अशा वनस्पतीचा कडा उद्या कोसळला, तर काय करायचं? पण तिचा तुकडा लावला की तो फुटतो, रोप तयार होतं. म्हणूनच ती वनस्पती उद्यानांत वाढवून ठेवता येते. लॉकर म्हणजे दुसरं काय असतं?

असं काम करणारी बाग आपल्याला लांब नाही. शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानाला केंद्र सरकारनं ‘लीड बोटॅनिक गार्डन’ म्हणून मान्यता दिली आहे. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती तिथं जपल्या आणि वाढवल्या गेल्या. ही कंदिलासारखी फुलं कासच्या पठारावर ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्यांचं मोल सांगायला नको. कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं कोणी काही लावलेलं नाही, सगळं निसर्गाचं. पण गर्दी आवरण्याचं काम आजूबाजूच्या गावांच्या समित्या वन खात्याबरोबर करतात आणि त्यातून गावातल्या लोकांना रोजगारही मिळतो. म्हणजे फुलं राखली तर पोटही चालतं.

आता कर्जवाटपाकडे येतो. सातारकर १ मेला ‘गुलमोहर दिन’ साजरा करतात. झाडाखाली कविता होतात, चित्रं काढली जातात. पण गुलमोहर मूळचा इथला नाही, तो मादागास्करचा. तिथून मॉरिशसला गेला आणि बागांतून बागांत, बियांच्या पुड्यांतून जगभर पसरला. अर्थात बँकेची सगळीच कर्जं वसूल होत नाहीत! एकोणिसाव्या शतकात हिवतापावरच्या क्विनीनसाठी महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड करून पाहिली. ती जमली नाही, सोडून द्यावी लागली. पण करून पाहिल्याशिवाय कळणार कसं? तशी करून पाहायची जागा म्हणजे ही उद्यानं. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथं डॉ. अलेक्झांडर गिब्सन औषधी वनस्पती वाढवून त्यांची औषधं सरकारी दवाखान्यांना पुरवत.

दापोडीची ती बाग आज नाही. मात्र गिब्सन यांनी तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली होती. त्यांतली सुमारे १७० चित्रं आज स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. बाग गेली, पासबुक तेवढं राहिलं.

आणि ज्या बागेनं मला सर्वांत जास्त शिकवलं ती मुंबईची राणीची बाग. ती १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. आपण तिला वाघ-हत्तींची बाग म्हणून ओळखतो, पण मुळात ती वनस्पतींची बाग आहे, प्राणी नंतर आले. गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशी तीन हजारांच्या वर झाडं तिथं आहेत. भायखळा-परळच्या दाट वस्तीत चाळकऱ्यांना मोकळा श्वास घ्यायला तीच एक मोठी जागा. २००७ च्या सुमारास तिथं परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायचा मोठा आराखडा आला. झाडांचं काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा काही महिला पुढे आल्या. त्यांनी झाडं मोजली, नावं लिहून काढली, कागदपत्रं मिळवली, वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं. तो मूळ आराखडा मागे पडला. नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणून भागलं नसतं. कुठलं झाड, कुठं आहे, किती जुनं, हे हातात होतं म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

आता आपल्या तुकड्याकडे येऊ. मी स्वतः वही घेऊन मोजलं. दोन कडुलिंब, एक बकुळ, एक जांभूळ, एक आपटा, दोन सोनचाफे, एक आवळा आणि कुंपणाला अडुळसा. आवळा ज्यांनी लावला ते आज आपल्यात नाहीत. पण कार्तिकात आवळीभोजन आपण त्याच्याखालीच करतो ना? मुलांची चित्रकला स्पर्धा तिथंच होते. आम्हा म्हाताऱ्यांची संध्याकाळची बैठक तिथं. एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा वॉचमनपासून कुरिअरवाल्या पोरापर्यंत सगळे त्याच सावलीत टेकतात. खोकला झाला की अडुळशाची पानं न्यायला शेजारच्या गल्लीतल्या बायकाही येतात. याची कुठल्या ताळेबंदात नोंद आहे का?

गाड्या वाढल्यात, हे मला मान्य आहे. पंचवीस वर्षांपूर्वी स्कूटर होत्या, आता एकेका घरात दोन-दोन मोटारी. तरुण सभासदांची अडचण खरी आहे, ती टाळून चालणार नाही. मी आराखडा पाहिला. त्या तुकड्यात फार तर सात गाड्या बसतील. सात गाड्यांची सोय दुचाकी भिंतीकडे नीट लावून होते का, हे आधी मोजून पाहावं. कार्यकारिणीनं सांगितलं तर टेप धरायला मी येतो.

दुसरी विनंती मुलांना. या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक झाडाला पाटी लावू या. मराठी नाव, शास्त्रीय नाव, कोणी लावलं, कधी लावलं. एक रजिस्टर करू, ते सोसायटीच्या कपाटात इतिवृत्ताच्या वहीशेजारी राहील. मग सर्वसाधारण सभेत ज्याला जे मत द्यायचं ते त्यानं खुशाल द्यावं. फक्त ते रजिस्टर वाचून द्यावं, एवढंच माझं म्हणणं. खातं बंद करायचं झालं तरी आधी शिल्लक किती ते पाहतात.

 जेवणाची वेळ झाली आहे, मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा थांबतो.