तेलाचा डबा, सोयाबीनची पट्टी आणि सातबारा

(येडशी येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या बोलण्याचा विषय मला असा सांगितला गेला : 'सरकारची आर्थिक धोरणं, बायांना समजतील अशी.' यातलं 'बायांना समजतील अशी' हे मला मान्य नाही. किराण्याची उधारी, गटाचा हप्ता, खुरपणीचे रोज आणि लेकराची फी हे सगळं महिनाभर डोक्यात ठेवणाऱ्या बाईला हिशोब शिकवायला मी कोण? तुम्हाला अनोळखी असतात ते बातमीतले शब्द. म्हणून आज फक्त तीन शब्द घेऊ : आयात शुल्क, हमीभाव आणि खातेदार. तिन्ही शब्द एकाच पिकाला धरून येतात, आणि ते पीक तुमच्या हातून गेलेलं आहे. सोयाबीन.

आधी आयात शुल्क. पूर्वी गावाच्या वेशीवर मालाची जकात घेत, तशी देशाच्या वेशीवरची ही जकात. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. म्हणून तिकडे काही झालं की इकडे कढईत कळतं. 2022 च्या एप्रिलात इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवायचं काही आठवडे बंद केलं, त्याआधी युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, आणि आपण भाजी फोडणीला टाकताना हात आखडला.

14 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची ही जकात, अधिभार धरून, 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केली. सांगितलेलं कारण चांगलं होतं : बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला भाव मिळेल. मग 30 मे 2025 ला तीच जकात 16.5 टक्क्यांवर आणली. तेव्हाचं कारणही चांगलं होतं : तेल स्वस्त व्हावं. वर्तमानपत्रं अशा वेळी लिहितात, 'शेतकऱ्यांना दिलासा, गृहिणींवर भार' किंवा 'गृहिणींना दिलासा, शेतकऱ्यांना फटका'. जणू शेतकरी एका गावात राहतो आणि गृहिणी दुसऱ्या. इथे बसलेल्या किती जणी सोयाबीन काढतात? आणि किती जणी तेलाची पिशवी विकत आणतात? हात वर करा म्हटलं तर दोन्ही वेळा तेच हात वर येतील.

आता यातली खरी गोम बघा. जकात वाढली तेव्हा तेल लगेच महागलं. सोयाबीनचा भाव मात्र त्या हंगामात हमीभावाच्या खालीच राहिला. असं का? एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण 18 किलो. उरते ती पेंड, जवळजवळ 80 किलो. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलावर जेवढा, त्याहून जास्त पेंडीवर ठरतो. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि काही परदेशात. जगात सोयाबीन भरपूर पिकलं की बाहेर आपली पेंड महाग ठरते. इथे मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा खाद्यासाठी स्वस्तात मिळायला लागला, तोही पेंडीच्या जागेवर येऊन बसला. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, ते आठवत असेल. तेव्हा सरकारने 12 लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आणि आपली रास बाजारात जाईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला होता. म्हणून तेलाची बातमी वाचाल तेव्हा पेंडीचीही शोधा. वाढलेली जकात तुम्ही दुकानात भरता. ती आडतीवर तुम्हाला परत मिळेलच असं नाही.

दुसरा शब्द हमीभाव. 2024-25 साठी तो क्विंटलला 4892 रुपये होता, 2025-26 साठी 5328. हे आकडे येतात कुठून? दिल्लीत कृषी खर्च व मूल्य आयोग आहे. तो पिकाचा खर्च काढतो आणि त्यावर निम्मी रक्कम वाढवून भाव धरला जातो. 5328 मागचा खर्च 3552 होता. या खर्चात काय काय मोजतात हे ऐका. बियाणं, खत, फवारणी, ट्रॅक्टर, लावलेले मजूर हे तर आहेच. त्याशिवाय एक रक्कम आहे, घरच्या माणसांनी बिनपैशाने केलेल्या कामाची मजुरी. म्हणजे तुमची खुरपणी, तुम्ही वेचलेल्या शेंगा, मळणीवर तुम्ही खाल्लेली धूळ. घरात कुणी म्हणत असेल 'तू काय करतेस शेतात', तर त्याला सांगा, दिल्लीच्या कागदावर माझी मजुरी धरलेली आहे.

कागदावर धरलेली ही मजुरी हातात येते का? 2024 च्या हंगामाचाच भाव घेऊन एका एकराचा हिशोब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, घरी गेल्यावर तुमचे घाला. समजा रोख खर्च 15,000 झाला. घरच्या कामाची मजुरी धरली 4,000. पावसाने मार दिला आणि उतारा पडला चार क्विंटल. हमीभावाने विकलं तर 19,568 रुपये. रोख खर्च वजा जाता 4,568 उरले. घरची मजुरी कशीबशी निघाली. बाजारात 4,200 ने विकलं तर 16,800. उरले 1,800. आता बियाणं-खताच्या दुकानदाराने पैसे सोडले का? ट्रॅक्टरवाल्याने सोडले? नाही. भाव पडला की बुडते ती घरची मजुरी. आणि घरची मजुरी म्हणजे बहुतेक वेळा बाईची मजुरी. बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक हा शेतकऱ्यांच्या मोर्चातल्या पुरुषांचाच प्रश्न आहे असं समजू नका. तो तुमचा बुडालेला रोज आहे.

मग हमीभावाच्या केंद्रावर का विकत नाही? मालात ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. नोंदणी, पाळी, मग पैशाची वाट. ज्याला दिवाळीच्या आत देणं भागवायचं आहे तो आडतीवरच जातो.

आणि नोंदणीला लागतो सातबारा. इथे येतो तिसरा शब्द, खातेदार. खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बाया होत्या सुमारे 14 टक्के. शेतात राबणाऱ्या बाया किती, ते कुठल्याही शिवारात उभं राहून मोजा. हमीभावाचे पैसे खातेदाराला, पीकविमा खातेदाराला. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे शेतं वाहून गेली, तिथली मदतही खातेदारालाच. नवरा गेल्यावर ज्या बायका तलाठी, बँक आणि भावकी यांच्यामध्ये हेलपाटे मारतात, त्यांना या शब्दाचा अर्थ मी सांगायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात अशा घरांची वाण नाही.

काही जणी म्हणतील, आम्हाला लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात की. 2024 मध्ये ही योजना आली आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे यायला लागले. त्याला नाव ठेवणाऱ्यांतली मी नाही. नवऱ्याला न विचारता औषध आणता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण हिशोब पुरा मांडा. वर्षाचे अठरा हजार. वीस क्विंटल सोयाबीन हमीभावापेक्षा 700 रुपयांनी खाली गेलं, तर त्याच घरातून 14,000 गेले. एका हाताने आलेलं दिसतं, कारण त्याचा मेसेज येतो. दुसऱ्या हाताने गेलेल्याचा मेसेज येत नाही. शिवाय पंधराशे हे बहीण म्हणून मिळतात. भाव हा राबणारी म्हणून मिळायचा असतो. एक दुसऱ्याच्या बदल्यात घ्यायचं नाही.

करायचं काय? आडतीवरून आलेली पट्टी घरात मागा आणि वाचा : वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली. ज्या घरात पट्टी दोघांनी वाचली जाते, तिथे पुढच्या पेरणीचं कर्जही दोघांच्या विचाराने काढलं जातं. दुसरं, सातबारा काढून आणा आणि आपलं नाव शोधा. 1986 मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. 1992 मध्ये शासनाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सोबत लागू शकतं. इतक्या वर्षांनी हे परिपत्रक माहीत असलेली माणसं अजून मोजकीच भेटतात. आणि माहेरी हक्कसोडपत्रावर सही मागायला भाऊ आला, तर चहा द्या, पण सही विचार करून द्या. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला आहे.

येडशीतून एक रस्ता लातूरच्या आडतीकडे जातो, एक बार्शीच्या. सोयाबीनची पोती या रस्त्यांनी जातात आणि तेलाचे डबे याच रस्त्यांनी परत येतात. दोन्हीकडचा भाव वहीत लिहायला गटाच्या पुढच्या बैठकीपासून सुरुवात करा. सहा महिन्यांनी मी पुन्हा येईन, तेव्हा ती वही तुम्ही मला वाचून दाखवायची, आणि सातबाऱ्यावर किती नावं लागली तेही सांगायचं.