पेरणी आली की गोळी थांबते
(पिंगळी, जि. परभणी येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झालं. मी शुगरवर बोलणार आहे. कोणी म्हणेल, हा शहरातल्या ढेरपोट्यांचा आजार, आमच्या अंगावर मांस कुठे आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची लेकरं तपासली. लेकरं वजनाला हलकी, पण स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जास्त. म्हणजे वरून काटकुळा आणि आतून चरबी. अशा माणसालाही शुगर गाठते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज 10 कोटींहून जास्त रोग्यांचा आहे. ते सगळे काही बंगल्यात राहत नाहीत.

सरकारचा यासाठी 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. वयाची 30 वर्षं झालेल्या प्रत्येकाची शुगर उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासायची, गोळ्या फुकट द्यायच्या, असं कागदावर आहे. मेटफॉर्मिन ही काही नवलाईची महाग गोळी नव्हे, जुनी आणि स्वस्त आहे. तरी ती कधी असते, कधी संपलेली असते. दोन खेपा वाया गेल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली की माणूस तिसऱ्यांदा जात नाही.

पण आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की गोळी थांबते, ती वेचणी होईपर्यंत. का? तर दुखत नाही म्हणून. बैल लंगडला तर त्याच दिवशी कळतं. शुगर आतल्या आत डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खाते, आणि कळायला वर्षं लागतात.

पायाचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपला धंदा पायावर आहे. आधी तळव्याला मुंग्या येतात, मग तळवा बधिर होतो. पऱ्हाटीचं धसकट घुसलं तरी कळत नाही. चार दिवसांनी पायताणात पू दिसतो. त्यावर कोणी बिब्बा लावतो, कोणी शेक देतो, आणि बधिर कातडी भाजून जखम वाढते. शेवटी बोट जातं, नाहीतर पाय. पाय गेल्यावर औत कोण हाकणार? म्हणून शुगरवाल्यानं अनवाणी रानात जाऊ नये. रोज संध्याकाळी पाय धुऊन तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरधनिणीला दाखवावेत, त्यात लाज कसली? जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

दुसरं, काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी कोळपायला गेलात तर शुगर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. लोकांना वाटतं, पिऊन आला. खिशात गुळाचा खडा ठेवा आणि शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा.

आणि भाकरीचं. ज्वारी चांगलीच, पण तीही पिठूळ आहे. दोनाच्या चार झाल्या की शुगर चढणारच.

इन्सुलिन 1921 साली टोरांटोत सापडलं. शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. लहान लेकरांच्या शुगरला त्याच्याशिवाय इलाज नाही. कोणी झाडपाल्याचा वैद्य इन्सुलिन बंद करायला सांगेल, त्याचं ऐकलंत तर लेकरू काही दिवसांत हातचं जाईल. घरात फ्रिज नसेल, वीज जात असेल, तर बाटली झाकणाच्या डबीत घालून ओल्या माठात ठेवा. डबीत पाणी जाऊ देऊ नका. उन्हातल्या खोपीत तर ठेवूच नका.

आता मागणी. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत शुगरच्या रोग्याला एका खेपेत दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात, आणि साठा संपण्याआधी आशाताईंमार्फत गावाला कळावं. ठरावाचा कागद टेबलावर आहे. जाताना सही किंवा अंगठा करा. आणि ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांनी या आठवड्यात, वाफसा व्हायच्या आत, करून घ्या.