आजी, घाट आणि दोन फेरीबोटी

आजचा विषय: आजीला घेऊन गाडीने पुणे ते गुहागर. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. आजी 81 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. "एकदा दर्शन होऊ दे रे बाबा," एवढंच तिचं मागणं. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हा ऑप्शनच नाही.

सिस्टिमचा वेग सगळ्यात स्लो भाग ठरवतो, हे आम्हा कोडिंगवाल्यांना पाठ असतं. इथेही तेच. किलोमीटर मोजू नका. आजी सलग किती वेळ बसू शकते ते बघा. आमचं उत्तर: दीड तास.

रूट तसाच लावला. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि हरिहरेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग दापोली. पुढे दाभोळहून वाशिष्ठीची खाडी ओलांडली की धोपावे, आणि तिथून गुहागर. ही बोट टाळली तर खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो. शिवाय बोटीवर उतरून सगळ्यांना पाय मोकळे करता येतात. रात्री फेरी बंद असते, म्हणून वेळा आदल्या दिवशीच विचारा.

परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड. घाट उजेडातच पार करा. गाडी लागते त्याला पुढची सीट, खिशात आलेपाक. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, हे बुकिंगआधी विचारा.

तुमची आजी किती वेळ बसू शकते? आज जेवताना विचारा. प्लॅन तिथूनच सुरू होतो. भेटू पुढच्या भागात!