दाराशीं थांबलेल्यांस



ज्युबिलीचें वर्ष हें मूळचें परतीचें वर्ष होय. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दर 50 व्या वर्षीं शिंग फुंकीत, दासांस मोकळें करीत, आणि गमावलेल्या वतनावर ज्याचा तो परत जाई. म्हणून आजचें आमचें भाषण मंडपांत पुढें बसलेल्यांपेक्षां दाराशीं उभ्या असलेल्यांसाठीं, व ‘आतां कोणत्या तोंडानें यावें?’ असें म्हणून घरींच राहिलेल्यांसाठीं आहे.

अशांनीं चीन देशांतील संत मार्क जी तिआनशिआंग यांचें चरित्र अवश्य ऐकावें. ते वैद्य होते. गोरगरिबांस औषध फुकट देत. पोटाच्या दुखण्यावर त्यांनीं अफू घेतली, आणि त्या अफूनें त्यांनाच धरिलें. ते वारंवार कुमसारास जात व वारंवार तेंच पाप सांगत. पाप सोडण्याचा ह्यांचा निश्चय खरा नाहीं, असें समजून धर्मगुरूंनीं अखेर पापक्षमा देण्याचें थांबविलें. व्यसन हा रोगहि आहे, हें त्या काळीं कळलें नव्हतें. जडलेल्या सवयीमुळें दोषाचा भार कमी होऊं शकतो, असें 1992 सालीं प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आज आपणांस शिकवितो.

सुमारें 30 वर्षें मार्क यांस ख्रिस्तशरीर मिळालें नाहीं. अफू सुटली नाहीं. परंतु श्रद्धाहि सुटली नाहीं. आपणांस रक्तसाक्षीचें मरण यावें, एवढेंच ते देवापाशीं मागत राहिले. 1900 सालीं बॉक्सर बंडांत ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, तेव्हां मुलगा, सुना व नातवंडें यांसह त्यांस वधस्थानीं नेण्यांत आलें. घरचें कोणीहि एकटें मरूं नये म्हणून आपणांस सर्वांत शेवटीं मारावें, अशी त्यांनीं विनंति केली, व पवित्र मरीयेची लितानी गात प्राण दिला. 1 ऑक्टोबर 2000 रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस संतपद दिलें.

ह्यावरून पाप क्षुल्लक आहे, असें कोणीं समजूं नये. मात्र दारू सोडण्याची शपथ घेऊन ती पुन्हां मोडलेल्या बापानें, किंवा लाजेपायीं पुष्कळ वर्षें कुमसार न केलेल्या माउलीनें आशा सोडूं नये. योग्य झाल्यावर या, असें प्रभूनें कोणास सांगितलेलें नाहीं. रोग्यानें बरें होऊन मग वैद्याकडे जावें, अशी रीत कोठें आहे?

पुढें बसलेल्यांस आमची एवढीच विनंति कीं, कोणी उशिरां परत आला तर त्याच्याकडे वळून पाहूं नये. थोडें सरकून त्यास बसावयास जागा द्यावी. आम्ही धर्मगुरु कुमसाराच्या जाळीमागें वाट पाहत बसूं. कोण किती वर्षांनीं आला, याचा हिशेब आम्ही ठेवणार नाहीं.

दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस घरीं आणो.