निवृत्तीनंतरचे सात वार

(ज्युबिलीच्या सभेंत एका सेवानिवृत्त दांपत्यानें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आम्हां उभयतांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्हांस संकोचच वाटला. आमच्यापैकीं एकानें पोस्टांत कारकुनी केली, दुसरीनें प्राथमिक शाळेंत बाराखडी शिकविली, एवढेंच आमचें चरित्र. परंतु "तुम्ही दोघें आतां दिवसभर करतां तरी काय?" असें आपणांपैकीं अनेकांनीं विचारलें आहे. त्याचें उत्तर एकदांच देऊन टाकावें, म्हणून उभीं राहिलों आहों.

निवृत्तीचे पहिले सहा महिने, खरें सांगावयाचें तर, फार वाईट गेले. डबा भरावयाचा नाहीं, घड्याळाकडे पाहावयाचें नाहीं. आज वार कोणता, हें भिंतीवरील कॅलेंडरास विचारावें लागे. मुलगा पुण्यास बोलावीत होता, आणि सामानाची यादीही तयार झाली होती. आमच्या या शहरांत मात्र (२०२३ सालीं त्याचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें; आमच्या पेन्शनच्या जुन्या कागदांवर औरंगाबादच आहे) एक गोष्ट कोणासही वार विसरूं देत नाहीं. ती म्हणजे नळाचें पाणी. पैठणच्या नाथसागरांतून सुमारें पन्नास किलोमीटर येणारें हें पाणी गेल्या कित्येक वर्षांत घरोघरीं पांच-पांच, आठ-आठ दिवसांनीं येत आलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरनें ज्या नगरांत नहर खेळविली, जेथें डोंगरांतील झऱ्याच्या पाण्यानें पाणचक्कीचें जातें फिरलें, तेथील ही दशा! असो. या पाण्याचा आमच्या कथेशीं संबंध आहे, तो पुढें येईल.

सोमवार व गुरुवार आम्हीं घाटीच्या सरकारी रुग्णालयास दिले. जालना, बीड, परभणी इकडून तेथें रोगी येतात. केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो, क्ष-किरणाची खोली कोठें आहे, हें सोबतच्या माणसांस ठाऊक नसतें, व कित्येकांस वाचतांही येत नाहीं. आमच्यांतील गृहस्थांनीं छत्तीस वर्षें खिडकीच्या आंत बसून लोकांस फॉर्म भरावयास लावले; आतां ते खिडकीबाहेर उभे राहून लोकांचे फॉर्म भरून देतात. रांग किती लांब असते हें त्यांस या वयांत कळलें, असें आमच्यांतील बाईंचें मत आहे.

शनिवार खाम नदीचा. जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावून हर्सूल, पाणचक्की, छावणी असा प्रवास करणारी ही नदी कित्येक वर्षें नाल्यासारखी वाहत होती. अलीकडे तिच्या पुनरुज्जीवनाचें काम नेटानें सुरू झालें, त्यांत आम्हीही सामील झालों. प्लास्टिकच्या पिशव्या वेंचतों; गुडघे तक्रार करूं लागले, कीं रोपांना पाणी घालतों.

छंदांविषयीं थोडकेंच सांगतों. बुधवारीं सकाळीं दिल्ली दरवाज्याजवळच्या सलीम अली सरोवरावर खंड्या, बगळे, पाणकावळे पाहून वहींत टिपतों. मंगळवारीं सायंकाळीं आमच्या ओसरीवर फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण वाचलें जातें. राचोल येथें १६१६ सालीं छापलेल्या या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. आमच्या गतीनें तो या जन्मीं पुरा होणें नाहीं. शेजारच्या एक वारकरी आजी नेमानें येऊन बसतात. ज्ञानेश्वरी त्यांच्या कानांत मुरलेली. आमचा अडलेला शब्द पुष्कळदां त्याच सोडवितात.

आतां शुक्रवार. आमच्या मागल्या गल्लींत एक वृद्ध मावशी एकट्याच राहतात. दृष्टि अधू, कान मंद. दर शुक्रवारीं चार वाजतां आम्ही त्यांजकडे जातों, वर्तमानपत्र वाचून दाखवितों, जपमाळ म्हणतों, चहा घेतों. गतवर्षीं एका शुक्रवारीं पावणेचारला अवचित नळास पाणी आलें. आम्हीं चप्पल काढली, आणि टांकी, पिंप, हंडे, घागरी भरीत दिवेलागण केली. "उद्यां गेलों तरी चालेल," असें एकमेकांस सांगितलें.

शनिवारीं गेलों, तेव्हां टेबलावर तीन कप बशींत पालथे घातलेले होते. मावशी हसून म्हणाल्या, "मास्तर, पाणी आलं असेल, मी ओळखलं." मग आमच्यांतील बाई आंत गेल्या, तों मावशींचें पिंप कोरडें! त्यांच्याही नळास त्याच वेळीं पाणी आलें होतें. परंतु कानांस नळाचा आवाज पोंचला नाहीं, आणि आम्ही येऊं म्हणून त्या समोरच्या दाराशीं दिवे लागेपर्यंत बसून राहिल्या. नदीच्या कांठीं रोपांना पाणी घालून आम्ही परभारें तेथें गेलों होतों, आणि आमची टांकी घरीं कांठोकांठ भरलेली होती. त्या दिवशीं हंडे वाहतांना आम्ही दोघें एकमेकांशीं बोललों नाहीं.

तेव्हांपासून पाणी कोणत्याही वारीं येवो, पहिली बादली मावशींच्या पिंपांत पडते. आमचें राहिलें तर राहिलें. पुण्याची यादी अजून कपाटांत आहे. मुलगा विचारतो, आम्ही पाहूं म्हणतों.

मात्र एक अडचण आहे. आमच्यांतील एकाचें वय एकाहत्तर, दुसरीचें अडुसष्ट. भरलेला हंडा आतां दोघांनीं मिळून धरावा लागतो. या धर्मग्रामांत हातापायांनीं धड असे पुष्कळ तरुण समोर बसलेले दिसत आहेत. ज्यांस शुक्रवारीं चार वाजतां सवड असेल, त्यांनीं सभेनंतर चहाच्या वेळीं आम्हांस भेटावें. मावशींचें घर आजच दाखवितों.